दुकानाचे सॉफ्टवेअर आपले, मग त्याचा कोड परक्याच्या घरी का?

व्यापाराच्या पानावर कापडवाल्याने संगणकाच्या कोडविषयी लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. माझे शालेय शिक्षण उर्दू माध्यमात झाले आणि संगणकाशी ओळख झाली ती दुकानाच्या गल्ल्यावर बसल्यानंतर. पण आज लहानसा कापडव्यापारीदेखील सॉफ्टवेअरवाचून बिल फाडू शकत नाही. तेव्हा हा विषय आता केवळ इंजिनियर मंडळींचा राहिलेला नाही.

२०२५ सालचेच उदाहरण घ्या. ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलने नवे दर ठरविले आणि २२ सप्टेंबरपासून ते लागू झाले. तयार कपड्यांवर पूर्वी नगाला एक हजार रुपयांपर्यंत ५ टक्के व त्यापुढे १२ टक्के कर होता. आता अडीच हजारांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाला. मध्ये मिळाले जेमतेम अठरा दिवस, आणि तेही नवरात्राच्या तोंडावर! मोठ्या कंपनीचे तयार सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना कंपनीकडून दुरुस्ती मिळते. पण मालवण, कुडाळ, कणकवलीच्या बाजारात कित्येक दुकानदार ओळखीच्या मुलाकडून आपल्या सोयीचे बिलिंग लिहून घेतात. तो मुलगा आज पुण्यात किंवा दुबईत नोकरीला गेलेला असेल आणि कोड त्याच्याच लॅपटॉपमध्ये असेल, तर दुकानदाराने काय करावे? पैसे त्याने मोजले, नाव त्याच्या दुकानाचे, आणि दोन आकडे बदलायचे तर परदेशी फोन लावायचा!

कोड म्हणजे काय, हे मालेगाव, भिवंडी, येवल्याच्या विणकर बांधवांना चटकन समजेल. जॅकार्डवर नक्षी उठते ती भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरून. फ्रान्समधील लिऑन शहराच्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास ही युक्ती रूढ केली आणि पुढे भोकांचे पत्ते संगणकातही आले. पत्त्यांची माळ आपल्या हाती असेल तर तीच नक्षी दुसऱ्या मागावर विणता येते, चार पत्ते बदलून फूल मोठे करता येते. नुसते कापड हाती असेल तर नक्षी दिसते, बदलता येत नाही. दुकानात चालते ते सॉफ्टवेअर म्हणजे विणलेले कापड. सोर्स कोड म्हणजे पत्त्यांची माळ.

आता ही माळ कोणाच्या मालकीची? बहुतेक दुकानदार म्हणतील, ज्याने पैसे दिले त्याची. कायदा तसे म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो. कलम १७ प्रमाणे लिहिणारा हाच त्याचा पहिला मालक. तो तुमचा पगारी नोकर असेल आणि नोकरीचा भाग म्हणून त्याने प्रोग्राम लिहिला असेल, तर वेगळा करार नसल्यास हक्क तुमचा. पण बाहेरच्या मुलाला ठरावीक रक्कम देऊन काम करून घेतले असेल, तर सहीनिशी लेखी हस्तांतरण झाल्याशिवाय हक्क त्याच्याकडेच राहतो. हस्तांतरणाच्या कागदातही मुदत लिहावी लागते. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो. दुकानाच्या भाडेपट्ट्यावर आपण वकिलाची नजर फिरवून घेतो. या कागदावर का नको?

कागद झाला तरी प्रश्न उरतो : कोड ठेवायचा कोठे? आज जगभर त्यासाठी गिट नावाची पद्धत वापरतात. रोजमेळीत रक्कम चुकली तर आपण ती पुसत नाही. रेघ मारून शेजारी नवी लिहितो, म्हणजे जुनीही वाचता येते. गिट नेमके हेच करते. कोणी, कोणत्या दिवशी, कोणती ओळ बदलली याची नोंद राहते आणि मागच्या कोणत्याही तारखेचा कोड पुन्हा काढता येतो. शिवाय गिटची प्रत ज्याने उतरवून घेतली, त्याच्याकडे सहसा पूर्ण इतिहासच येतो.

या गिटचा जन्मच मुळी परावलंबनाच्या चटक्यातून झाला. लिनक्सचे काम करणारी मंडळी एका खाजगी कंपनीचे साधन फुकट वापरत होती. २००५ साली कंपनीने फुकट वापर बंद केला. तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःचे साधन लिहायला घेतले. ते गिट.

पण लोकांची सवय अशी की, गिट मोकळे असले तरी कोड पुन्हा दुसऱ्याच्याच घरी नेऊन ठेवला. २००८ मध्ये सुरू झालेली गिटहब ही त्यातली सर्वांत मोठी वखार. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतली. वखार चांगली आहे, सोयीची आहे, लहान वापराला पैसेही लागत नाहीत. मात्र किल्ली आपली नाही. डिसेंबर २०१४ मध्ये काही आक्षेपार्ह मजकुराच्या तपासावरून केंद्र सरकारने ३२ संकेतस्थळे बंद करण्यास सांगितले आणि त्या यादीत गिटहबही होते. काही दिवसांत वाट मोकळी झाली. तक्रार कोणाची, अडकले कोण!

त्याहून मोठा धडा जुलै २०२५ चा. मुंबईत कचेरी आणि गुजरातेत वाडीनारला तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या नायरा एनर्जी कंपनीवर, तीत रशियन भांडवल असल्याने, युरोपीय संघाने निर्बंध लादले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबविल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. सेवा पुढे सुरू झाल्या. पण भारतातला कायदा मोडला नसताना, पैसे भरलेले असताना हे घडले. एवढी मोठी कंपनी वकील उभा करू शकते. मालवणचा दुकानदार कोणाच्या दारात उभा राहील?

म्हणून माझे म्हणणे असे की, आपल्या कोडचे कोठार आपणच उभारावे. हे वाटते तितके अवघड नाही. गिटी आणि फोर्जेयो ही दोन मोफत, खुली सॉफ्टवेअरे यासाठीच आहेत. त्यांना भारी यंत्र लागत नाही. चार-सहा जणांच्या कामाला एक जीबी मेमरीचा जुना संगणकही पुरतो. त्यावर लिनक्स बसवावे, मग गिटी. नोंदी ठेवायला एसक्यूलाइट पुरे. बसविणाऱ्या मुलाकडून तीन गोष्टी मात्र आग्रहाने करून घ्याव्यात. पहिली, मुख्य व्यवस्थापकाचे खाते व पासवर्ड मालकाच्या नावे असावा आणि प्रोग्रामरला साधे खाते द्यावे. तो उद्या सोडून गेला तर त्याचे खाते बंद करता येते आणि त्याने केलेले काम जागेवर राहते. दुसरी, कोणीही यावे आणि खाते उघडावे ही सोय बंद करावी. तिसरी, यंत्र दुकानाच्या आतल्या जाळ्यातच ठेवावे, इंटरनेटवर उघडे टाकू नये. ग्राहकांच्या उधारीच्या याद्या आणि बँकेचे पासवर्ड या कोठारात कधीही ठेवू नयेत. ती लोकांची अमानत आहे, तिची जागा वेगळी.

काहीजण म्हणतील, आमच्या किनाऱ्यावर हे टिकणार कसे? शंका रास्त आहे. खारा वारा लोखंड खातो, मग संगणकाचे काय! मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा सिंधुदुर्गात कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. म्हणून एका यंत्रावर भरवसा ठेवू नये. यंत्राला इन्व्हर्टर जोडावा. गिटीच्या डंप आज्ञेने सगळ्याची एक गठडी बांधता येते. ती दर आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि एक प्रत मुंबईला किंवा कोल्हापूरला नातेवाइकाकडे असावी. गिटहबवर कुलूपबंद प्रत ठेवली तरी हरकत नाही. ती जादा प्रत असावी, मूळ नव्हे.

आणि प्रत घेतली म्हणजे काम संपले असे नाही. हाच व्यवसाय करणाऱ्या गिटलॅब कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका कर्मचाऱ्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. प्रती ठेवण्याच्या पाच व्यवस्था होत्या, वेळेला त्यातली एकही धड कामी आली नाही. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून बचावले. तेव्हा तीन-चार महिन्यांतून एकदा गठडी दुसऱ्या संगणकावर सोडून पाहावी. तसेच नवी आवृत्ती आली की बसवावी. २०२१ मध्ये गिटलॅबमधील एका गंभीर दोषाची दुरुस्ती एप्रिलमध्येच निघाली होती. तरी नोव्हेंबरपर्यंत स्वतःचे कोठार चालविणाऱ्या हजारो लोकांनी ती बसविली नव्हती, आणि चोरांनी त्याचाच फायदा घेतला. स्वतःचे घर बांधले की छपराची कौलेही आपणच परतायची.

एकेका लहान दुकानदाराला हे झेपणार नाही, हे मी जाणतो. तेथे बाजारपेठेने एकत्र यावे. दहा-बारा दुकानांनी मिळून एक यंत्र घ्यावे, प्रत्येकाची कोठी वेगळी ठेवावी आणि देखभालीला एका होतकरू मुलाला नियमित मोबदला द्यावा. मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे, तेथे शिकणाऱ्या मुलांना गावात राहून हुनर दाखविण्याची संधी मिळेल. मुले मुंबईला जातात म्हणून आपण हळहळतो, पण गावात त्यांच्या जोगे काम आपण किती निर्माण केले?

सुरुवात मात्र यंत्रापासून करू नये, कागदापासून करावी. ज्यांचे सॉफ्टवेअर सध्या लिहून होत आहे, त्यांनी शेवटचा हप्ता देण्यापूर्वी दोन गोष्टी मागून घ्याव्यात : हक्काचा सही केलेला कागद, आणि पूर्ण इतिहासासह गिटची प्रत. चांगला कारागीर या मागणीने रागावणार नाही. आणि जो रागावेल, त्याच्याविषयी पैसे देण्यापूर्वीच कळलेले बरे.