आधी तक्ता, मग वेबसाइट!



"मुलाला कोडिंगच्या क्लासला घालू का?" असं पालक हल्ली हमखास विचारतात. जरूर घाला. पण तिथे नुसती बटणं रंगवायला शिकवतात की माहितीची मांडणीही शिकवतात, एवढं आधी विचारा. माझ्या मते खरं शिक्षण मांडणीतच आहे.

आपलं जनरल रजिस्टर आठवा. नाव, जन्मतारीख, जात, दाखल दिनांक एकदा नोंदवले की बोनाफाईड आणि शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच तयार होतो. मूळ नोंद चुकली, तर प्रत्येक दाखला चुकतो आणि पालकांना हेलपाटे पडतात.

वेब अॅप्लिकेशनही असंच बनवता येतं. पायथॉन भाषेतलं 'जँगो' हे त्याचं चांगलं उदाहरण. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स गावी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत २००३ साली त्याचं काम सुरू झालं. बातमीच्या घाईत वेबसाइट झटपट बनवायच्या, ही तिथली गरज होती. २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी मोफत खुलं झालं.

जँगोमध्ये आधी 'मॉडेल' लिहायचं, म्हणजे कोणती माहिती ठेवायची आणि ती कोणत्या प्रकारची, हे ठरवायचं. 'विद्यार्थी' या मॉडेलमध्ये नाव आणि जन्मतारीख लिहिली, की त्यावरून डेटाबेसचा तक्ता तयार होतो. दोन-चार ओळी आणखी लिहिल्या की माहिती भरायची, बदलायची, काढून टाकायची पानंही मिळतात. जन्मतारखेसमोर कॅलेंडर येतं आणि ३१ फेब्रुवारी टाकली तर फॉर्म ती स्वीकारत नाही. हे सगळं त्या एका मॉडेलवरून!

मग मुलांनी शिकायचं काय? यंत्राला जे ठरवता येत नाही, ते. वय साठवायचं की जन्मतारीख? वय दरवर्षी बदलतं, जन्मतारीख बदलत नाही. म्हणून जन्मतारीख ठेवायची आणि वय काढायचं. हा विचार मुलांनी स्वतः करायला हवा.

अर्थात, ही तयार पानं कार्यालयीन कामासाठी असतात. बाहेरच्या लोकांना दिसणारी पानं वेगळी, विचारपूर्वक घडवावी लागतात. पण पाया मॉडेलच.

यासाठी संगणकही लागत नाही. चौथी-पाचवीच्या मुलांना वर्गातल्या वाचनपेटीसाठी कागदावर तक्ते आखायला सांगा. एक पुस्तकांचा, एक विद्यार्थ्यांचा. मग विचारा, "कोणतं पुस्तक कोणी कधी नेलं, हे कुठे लिहाल?" एक पुस्तक वर्षभरात अनेकांकडे जातं, म्हणजे देवघेवीचा तिसरा तक्ता हवा. त्यात पुस्तकाचा क्रमांक, हजेरी क्रमांक आणि तारीख पुरते. नाव पुन्हा लिहायचं कशाला?

हे ज्या मुलाला उमगलं, त्याला पुढे कोणतीही संगणकीय भाषा जड जाणार नाही. तुमच्या वर्गात, घरी करून पाहा आणि अनुभव नक्की कळवा.