शिळे आणि उष्टे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या घाटकोपरच्या चाळीत महापालिकेचा सफाई कामगार ओल्या कचऱ्याचा डबा उचलत होता. वरच पातेलेभर भात आणि चार चपात्या पडल्या होत्या. तो सहज म्हणाला, "भाऊ, भात आंबला की त्याचं पाणी आमच्या अंगावर सांडतं." तो भात आमच्याच घरचा होता. आम्ही मान खाली घातली.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. त्याच रात्री वही काढली आणि आठवडाभर घरातून टाकलेले अन्न लिहीत गेलो. भात चार वेळा, चपात्या अकरा, सडलेली मेथीची एक जुडी, वाटीभर आमटी. बेरीज पाहिली तेव्हा ध्यानात आले, की चुकते ते बाजारात आणि शिजवण्याच्या अंदाजात.

घरात विषय काढला तर आई म्हणाली, "शिळं खायचे दिवस गेले आता आपले." तिच्या बोलण्यामागे इतिहास आहे. गावात येसकराच्या पाळीला आपल्या वाडवडिलांना दारोदार भाकरी मागावी लागे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि फेकलेले उष्टे तुकडे सोडा, असे बजावले. समाजाने ते ऐकले, म्हणून आज आपण ताठ मानेने जेवतो.

परंतु वाचक बंधू-भगिनींनो, उष्टे वेगळे आणि शिळे वेगळे. दुसऱ्याच्या ताटातले उष्टे घेण्यात लाचारी होती. आपल्या कष्टाच्या पैशाने आपल्या चुलीवर शिजलेले, झाकून ठेवलेले अन्न सकाळी खाण्यात कसली लाज?

मात्र जपून. मुंबईच्या दमट हवेत रात्रभर बाहेर राहिलेला भात खाऊ नये. पुन्हा गरम केला तरी त्यात तयार झालेले विष जात नाही. फ्रिज असेल तर भात लवकर निववून आत ठेवावा आणि सकाळी फोडणी द्यावी. नसेल तर मोजूनच शिजवावा. एक वाटी तांदळाचा जवळजवळ तीन वाट्या भात होतो. उरलेल्या चपात्यांचा कांदा घालून कुस्करा करावा.

बाजारही ऋतू पाहून करावा. पावसाळ्यात पालेभाजी लवकर सडते, तेव्हा स्वस्त मिळाली तरी दोन जुड्या घेऊ नयेत. बोरिवली-मुलुंडकडे आदिवासी बाया टाकळा, शेवळं विकायला आणतात. ती आणल्या दिवशीच करावीत. शेवळं काकडं घालून शिजवावीत, नाहीतर घसा खाजतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा उन्हाळ्यात भरून ठेवलेले सुकट उरल्यासुरल्या वांग्या-बटाट्यात छान लागते. थंडीत मुळ्याचा पाला आणि फ्लॉवरचे कोवळे देठ टाकू नयेत, त्यांची भाजी होते.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले ६० टक्के घराघरांतून गेले. आपल्या डब्यातले अन्नही कुठे नाहीसे होत नाही. मुलुंडचे डम्पिंग २०१८ साली बंद झाले. आता मुंबईचा बराचसा कचरा कांजूरला जातो. तिथे ढिगात अन्न कुजते आणि त्यातून मिथेन वायू निघतो. आणि तो डबा उचलतो कोण? त्या कामगारांत आपल्या समाजाचे भाऊ-बहिणी किती आहेत, हे वेगळे सांगायला नको. ज्यांच्या श्रमांच्या प्रतिष्ठेसाठी आपण मोर्चे काढतो, त्यांच्याच डोक्यावर आपल्या स्वयंपाकघरातून आंबलेले पाणी सांडावे, हे बरे नव्हे.

एक आठवडा वही ठेवा. मुलांनाच लिहायला सांगा. आमच्या घरी दुसऱ्या आठवड्यात चपात्या अकरावरून तीनवर आल्या. आता आईच संध्याकाळी विचारते, "आज जेवायला किती जणं?" आणि मगच तांदळाच्या डब्यात वाटी घालते.