रॅलीचा पैसा धुरात जातो का?

घोटीच्या बॅचमध्ये परवा एकाने विचारलं, "सर, महिंद्राने पुन्हा जोरात रॅलीत उतरावं का? पैसा धुरातच जातो ना?"

प्रश्न आपल्या अंगणातलाच आहे. महिंद्राची इंजिनं इगतपुरीत बनतात, थार नाशकात. गौरव गिलने त्यांची एक्सयूव्ही ५०० राष्ट्रीय रॅलीत पळवली, तीच गाडी लोक कसारा घाटात चालवत होते.

माझं मत, उतरावं. पण नुसतं नाव चमकवायला नको.

टोयोटा बघा. १९९९ नंतर जागतिक रॅली सोडली, २०१७ ला परत आले. २४ तासांच्या ल मां शर्यतीत २०१६ साली त्यांची गाडी पहिली होती, आणि शेवटची काही मिनिटं उरली असताना बंद पडली. सगळ्या जगासमोर! तरी मैदान सोडलं नाही. २०१८ ला जिंकले. रॅलीत शिकलेलं २०२० मध्ये जीआर यारिसमध्ये घातलं आणि ती गाडी शोरूममधून विकली. याला मी उधळपट्टी नाही म्हणणार, ही टेस्टिंगची फी आहे.

आता तुमचं सांगा. प्रदर्शनात स्टॉल घेता, इंद्रायणीचे पुडे मांडता, सेल्फी काढता, घरी येता. कणी जास्त निघाली असं किती गिऱ्हाइकं बोलली, पुडा कुठे फाटला, लिहून घेतलं का? नसेल तर पुढच्या वर्षी तो स्टॉल घेऊच नका. घेतलं असेल तर तोटा झाला तरी परत लावा. मी स्वतः पहिल्या तीन प्रदर्शनांत फक्त व्हिजिटिंग कार्डं वाटून आलो होतो.