भाच्याचा ट्रान्सफॉर्मर

आमच्या अल दुहैलमध्ये बंगल्यांबाहेरच्या कचरापेटीशेजारी काय सापडेल याचा नेम नाही. गेल्या महिन्यात एक मायक्रोवेव्ह दिसला. दाराची काच तडकलेली, बाकी ठणठणीत. पुण्याच्या जुन्या बाजारात बालपण गेलेला माणूस असं काही सोडतो होय? उचलला, बायकोची नजर चुकवून गच्चीत नेला.

आधी कपॅसिटर रिकामा केला (प्लग काढल्यावरही तो जीव घेऊ शकतो), मग ट्रान्सफॉर्मर काढला. चार-पाच किलोचं धूड! भाच्याला फोटो पाठवला. लगेच उत्तर, "मामा, कापू नकोस, येताना तसाच आण. लाकडावर वीज सोडून झाडासारखी नक्षी काढायचीय."

तिथे मी साफ नाही म्हटलं.

मंडळी, आपल्याकडे प्रत्येक घरात २३० व्होल्टचा झटका खाऊन हसत उठलेला एक काका असतो. त्याच्यामुळे शॉक म्हणजे झिणझिण्या, असा आपला समज. या ट्रान्सफॉर्मरच्या बारीक तारेच्या गुंडाळीतून साधारण २००० व्होल्ट निघतात. तिथे काका हसत उठत नाही. "घरात ईएलसीबी आहे की," भाचा म्हणाला. खरा सापळा इथेच आहे! ही गुंडाळी मेनपासून वेगळी. तिचा प्रवाह अंगातून जाऊन तिच्याकडेच परततो, ईएलसीबीला बिचाऱ्याला पत्ताही लागत नाही. या नक्षीपायी इतकी माणसं दगावली की अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्सने २०१७ मध्ये आपल्या कार्यक्रमांत तिच्यावर बंदी घातली. लाकूड कातण्यात हयात गेलेली माणसं ती. घाबरट नव्हेत.

मी करवत घेतली. जाड तारेच्या गुंडाळीला ओरखडा न लागू देता बारीक तारेची कापून काढली, मधल्या लोखंडी पट्ट्याही ठोकून काढल्या. त्या जागी वेल्डिंग केबलचे दोन वेढे. वेढ्याला साधारण एक व्होल्ट, म्हणजे जेमतेम दोन, पण प्रवाह शेकडो अँपिअर! बॅटरीच्या सेलवर निकेलची पट्टी क्षणात चिकटते. मेनची बाजू अजूनही २४० व्होल्टचीच, म्हणून गाभ्याला अर्थिंग दिलं आणि सगळं पेटीत बंद केलं. छंद म्हणून हाच उद्योग मला शहाणपणाचा वाटतो.

भाचा रुसलाय. असो. ताईने मात्र फोन करून विचारलं, त्या वेल्डरने कढईचा निखळलेला कान बसेल का. बसणार नाही, हे सांगायला जीभ रेटली नाही.