शिवणयंत्र पुरे नाही, हक्क हवा!

नवदीक्षित बौद्ध कुटुंबांतील बंधूंनो आणि भगिनींनो,

आपल्या धाराशिव जिल्ह्यात ख्रिस्ती कुटुंबे अगदी थोडी. मराठवाड्यातील हा समाज बहुतांशी महार आणि मांग वस्त्यांतूनच गेलेला आहे. म्हणजे आपले व त्यांचे आजेपणजे एकाच गावकुसाबाहेर राहत होते. आज या समाजाच्या उन्नतीसाठी ‘प्रशिक्षण व क्षमतावर्धन’ हे शब्द फार ऐकू येतात. शिवणवर्ग भरतात, संगणकवर्ग भरतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. हे वाईट आहे असे कोण म्हणेल? परंतु हक्कावाचून दिलेले कौशल्य म्हणजे दान होय, आणि दान देणाऱ्याच्या मर्जीवर चालते.

मद्रासच्या सूसाई नावाच्या चर्मकाराचे उदाहरण घ्या. तो मूळचा आदि-द्राविड, धर्माने ख्रिस्ती. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या चर्मकारांना सरकारने मोफत टपऱ्या दिल्या. सूसाईला मात्र ख्रिस्ती म्हणून वगळले. त्याच्या हातात कसब नव्हते काय? होते. त्याला नाकारली गेली ती टपरी, आणि ती कायद्याने नाकारली! 10 ऑगस्ट 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने ही सवलत हिंदूंपुरती ठेवली होती. 1956 मध्ये त्यात शीख आले व 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती व मुसलमान आजही बाहेर आहेत.

30 सप्टेंबर 1985 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सूसाईचा अर्ज फेटाळला. धर्मांतरानंतर जात चिकटून राहिली एवढे दाखवणे पुरेसे नाही, नव्या धर्मसमाजातही हलाखी तितकीच तीव्र आहे हे सिद्ध करा, असे न्यायालयाने सांगितले. आणि तसा अधिकृत व तपशीलवार पुरावा पुढे आलेला नव्हता. वकील या नात्याने मी या निकालापासून एकच धडा घेतो. जो समाज आपल्या दैन्याची नोंद ठेवीत नाही, त्याचे दैन्य न्यायालयात नसल्यासारखेच असते.

म्हणून प्रशिक्षण द्यायचे तर ते याचे द्या. वस्तीची पाहणी कशी करावी, जमीन, शिक्षण, कर्ज, ऊसतोडीचे स्थलांतर यांची नोंद कशी ठेवावी, ग्रामसभेत ठराव कसा मांडावा, 2005 च्या माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहावा, हे शिकवा. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात इतर मागासवर्गात गणतात. त्या दाखल्यासाठी मूळ जातीचा पुरावा लागतो. केवढा हा विरोधाभास! इतर मागासवर्गाच्या दाखल्याकरिता याची जात कायद्याला दिसते. पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण मागताच ती दिसेनाशी होते.

आता आपल्यातील काहीजण विचारतात, ‘त्यांचे आम्हांस काय? ते आले तर आमचा वाटा कमी होईल.’ बंधूंनो, हे बोलण्यापूर्वी आपला इतिहास आठवा. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षा घेतल्यानंतर आपणांसही ‘धर्म बदललात, आता सवलत कसली?’ असेच विचारले गेले. महाराष्ट्र राज्याने 1960 मध्ये सवलती दिल्या. केंद्राच्या कायद्यात बौद्ध हा शब्द येण्यास 34 वर्षे लागली. धर्म बदलल्याने अस्पृश्यतेचे घाव एका रात्रीत भरून येत नाहीत, हाच आपला युक्तिवाद होता. तो आपल्यापुरता खरा आणि शेजाऱ्यापुरता खोटा कसा ठरेल?

वाट्याचा प्रश्न खरा आहे, तो मी टाळीत नाही. लोकसंख्या वाढली तर त्या प्रमाणात जागाही वाढल्या पाहिजेत, ही अट आपण उघडपणे घालावी. पन्नास टक्क्यांची मर्यादा आड येते म्हणतात. पण 2019 मध्ये आर्थिक दुर्बलांसाठी 10 टक्के निराळे काढले गेले व 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. तेथे वाट निघते, मग येथेच भिंत का?

दोषाचा वाटा मिशनसंस्थांकडेही जातो. ख्रिस्ती धर्मांतरितांच्या स्थितीवर बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहिले. ते लेखन त्यांच्या हयातीनंतर, 1989 मध्ये शासनाच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध झाले. मिशनच्या शाळा व दवाखान्यांचा लाभ गरीब धर्मांतरितांपेक्षा उच्चवर्णीयांनाच अधिक झाला, आणि आत्म्याच्या उद्धाराची चिंता करताना ऐहिक अन्यायाविरुद्ध लढा उभा राहिला नाही, असा त्यांचा आक्षेप होता. घटनेच्या कलम 30 ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क दिला आहे. त्या संस्थांत वस्तीतील मुलाला प्रथम जागा आहे काय, हे ख्रिस्ती बांधवांनीच विचारावे.

रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्ये अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करण्याची शिफारस केली. 2022 मध्ये न्या. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला व त्याची मुदतही वाढविण्यात आली. आयोगांपुढे भावना टिकत नाहीत, कागद टिकतात.

सबब माझे आपणांस सांगणे असे आहे. बौद्धही ख्रिस्त्यांप्रमाणे कायद्याने अधिसूचित अल्पसंख्याक आहेत. ज्या विहारात आपण दाखल्यांचे अर्ज भरण्यास शिकता, त्या विहाराचे दार या कुटुंबांना उघडा. वर्ग एकत्र घ्या, पाहणी एकत्र करा. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे 1941 मध्ये बाबासाहेबांनी महार आणि मांग यांना एकाच परिषदेत बसविले होते. त्यांच्याच लेकरांना, केवळ ती चर्चमध्ये जातात म्हणून, आपण परके म्हणणार काय?