अ‍ॅप बंद पडलं की प्लेलिस्टही जाते. मग घरी गाणी ऐकायची तरी कशावर?

ऑगस्ट २०२४ मध्ये एअरटेलने विंक म्युझिक बंद करणार असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी जानेवारीअखेर रेसो हे अ‍ॅप भारतातून गेलं होतं. त्याआधी २०२२ मध्ये गानाने फुकट गाणी ऐकवणं थांबवलं आणि अ‍ॅप फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी ठेवलं. मार्च २०२३ मध्ये तर स्पॉटिफाय व्यवस्थित सुरू होतं, पण झी म्युझिकसोबत कराराचं जमलं नाही आणि त्या कंपनीची गाणी तिथून उतरली.

कारणं वेगवेगळी, पण ऐकणाऱ्याच्या वाट्याला आलं ते एकच. काल वाजणारं गाणं आज वाजेना.

घरी गाणी ऐकायची चांगली पद्धत कुठली, यावर आपल्याकडे वाद होतो तो बहुतेक वेळा आवाजावरून. रेकॉर्डवाले म्हणतात जुना गोडवा कशातच नाही, सीडीवाले म्हणतात आवाज स्वच्छ तो आमचाच, अ‍ॅपवाले म्हणतात एवढा पसारा हवाय कुणाला? या सगळ्यात एक प्रश्न मागे राहतो. गाणं नेमकं ताब्यात कुणाच्या आहे? आवाज आणि ताबा, या दोन्ही कसोट्या लावून एकेक पर्याय बघू.

रेडिओ : फुकट, पण निवड दुसऱ्याची

१९५५-५६ साली पुणे आकाशवाणीने गीतरामायण ऐकवलं. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत, एकूण ५६ गाणी आणि आठवड्याला एक नवं गाणं. चुकलं की गेलं, म्हणून लोक वेळ गाठून रेडिओजवळ बसायचे.

पण रेडिओवर काय लागणार हे ऐकणारा ठरवत नाही. १९५२ मध्ये बी. व्ही. केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून हिंदी सिनेमाची गाणी जवळपास गायब झाली. लोकांनी काय केलं, तर सरळ रेडिओ सिलोन लावलं. अमीन सयानींची बिनाका गीतमाला घराघरात पोहोचली ती याच काळात. शेवटी ऑक्टोबर १९५७ मध्ये सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. म्हणजे मधल्या माणसाने गाणी अडवण्याचा प्रकार अ‍ॅपच्या आधीपासूनचा आहे.

रेकॉर्ड : ताबा पक्का, खर्च मोठा

जुन्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्डवर एका बाजूला साधारण तीन मिनिटं बसायची. नंतर आलेल्या एलपीवर एका बाजूला वीसेक मिनिटं मावायला लागली. आज रेकॉर्ड पुन्हा जोरात आहेत. अमेरिकेत २०२२ मध्ये सीडीपेक्षा जास्त रेकॉर्ड विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच.

रेकॉर्ड तुमची म्हणजे तुमचीच, कुणी परत मागत नाही. पण प्लेअर, सुई, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर असा सगळा संसार मांडावा लागतो. धूळ आणि ओरखडे आवाजात ऐकू येतात. ज्याला गाणं लावून समोर बसायची हौस आहे, त्याच्यासाठी हा पर्याय आहे. भांडी घासताना ऐकणाऱ्यासाठी नाही.

कॅसेट आणि सीडी : माळ्यावरचा खजिना

कॅसेटमुळे पहिल्यांदा सामान्य माणसाला घरी रेकॉर्डिंग करता आलं. त्यामुळे आजही घराघरात अशा कॅसेट आहेत ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही : आजीच्या ओव्या, गावातलं कीर्तन, एखाद्या बैठकीचं रेकॉर्डिंग. ती कुठल्याही अ‍ॅपवर सापडणार नाहीत. अडचण एवढीच की कॅसेटची फीत झिजते, आणि आपल्या पावसाळी हवेत तिला बुरशीही धरते.

सीडी मात्र आजही सगळ्यात कमी लेखला गेलेला पर्याय आहे. सीडीवर आवाजाची माहिती सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट या वेगाने वाचली जाते. एमपी३ची नेहमीची वरची मर्यादा ३२० किलोबिट. शिवाय सीडी एकदा घेतली की इंटरनेट नको, वर्गणी नको.

कारवां : मधला मार्ग

२०१७ मध्ये सारेगामाने, म्हणजे आपल्या जुन्या एचएमव्हीने, कारवां बाजारात आणला. पाच हजार हिंदी गाणी आधीच भरलेली, दिसायला जुना रेडिओ. मराठी गाण्यांचा कारवांही आला. घरातल्या ज्येष्ठांना तो आवडला याचं कारण साधं आहे. बटण दाबलं की गाणं. पासवर्ड नाही, अपडेट नाही. मर्यादा एवढीच की आत आहे तो सारेगामाचा खजिना, बाकी कंपन्यांची गाणी पेन ड्राइव्ह लावून ऐकायची.

अ‍ॅप : सगळं मिळतं, राहत काही नाही

सोय बघितली तर अ‍ॅपला तोड नाही. कोट्यवधी गाणी, हवं ते, हवं तेव्हा. ३२० किलोबिटने तासभर ऐकलं तर साधारण १४४ एमबी डेटा जातो, घरी वायफाय असेल तर त्याचीही चिंता नाही.

पण महिन्याला शंभर रुपये धरले तरी दहा वर्षांत बारा हजार होतात. त्यानंतर वर्गणी थांबवली तर हातात एकही गाणं उरत नाही. अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेलं गाणं कुलूपबंद असतं आणि किल्ली कंपनीकडे. थोडक्यात, हे भाड्याचं घर आहे. भाड्याने राहण्यात वाईट काही नाही, फक्त घर आपल्या नावावर आहे असं समजू नये.

मग आवाज कशाचा चांगला?

आवाज शेवटी स्पीकर ठरवतो. अ‍ॅपमध्ये ‘लॉसलेस’ निवडून तुम्ही साध्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकत असाल, तर ब्लूटूथ तो आवाज पुन्हा दाबून पाठवतं. पैसे भरलेला दर्जा वाटेतच कमी होतो. त्यापेक्षा बरे स्पीकर वायरने जोडले तर साधं अ‍ॅपही चांगलं वाजतं.

करायचं काय?

रोजच्या ऐकण्याला अ‍ॅप ठेवा. पण जी गाणी आयुष्यभर हवीत अशी पन्नास-शंभर निवडा आणि ती विकत घेऊन स्वतःकडे ठेवा, सीडीवर किंवा कुलूप नसलेल्या फाइलमध्ये. स्वतंत्र कलाकारांची गाणी बॅन्डकॅम्पवर अशी मिळतात. प्लेलिस्टमधल्या गाण्यांची नावं वहीत किंवा फाइलमध्ये उतरवून ठेवा, अ‍ॅप गेलं तरी यादी राहील.

आणि सगळ्यात आधी माळ्यावरच्या कॅसेट काढा. कॅसेट प्लेअरचं हेडफोनचं तोंड वायरने कॉम्प्युटरला जोडा, ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर घ्या आणि रेकॉर्ड करा. तासाच्या कॅसेटला तासच लागतो. सिनेमाचं गाणं आज ना उद्या कुठेतरी परत मिळेल, आजीची ओवी मिळणार नाही.

तुमच्या घरी गाणी कशावर वाजतात? आणि माळ्यावर काय सापडलं? कमेंटमध्ये नक्की सांगा.