अहवाल रखडला पोलिसांचा, दावा बुडाला वारसांचा



‘अपघाती मृत्यूच्या भरपाईसाठी सहा महिन्यांची मुदत पुरेशी आहे, ती काढली तर खोट्या दाव्यांचे पेव फुटेल’ असे सांगणारे पत्र याच सदरात वाचले आणि संताप आला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 मध्ये ही अट 2019 च्या दुरुस्तीने घातली गेली आणि 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली, हे खरे. पण त्याच कलमाचे चौथे पोटकलम सांगते की, पोलिसांनी न्यायाधिकरणाकडे पाठवलेला अपघाताचा अहवाल हाच भरपाईचा अर्ज मानावा. तो अहवाल तीन महिन्यांत पाठवणे कलम 159 प्रमाणे पोलिसांवर बंधनकारक आहे. म्हणजे पोलिसांनी काम वेळेत केले, तर वारसांनी वकील गाठण्याआधीच दावा दाखल झालेला असतो. तरीही दावा मुदतबाह्य ठरत असेल, तर उशीर वारसांचा नव्हे, सरकारी यंत्रणेचा आहे. पुणे-सातारा महामार्गावर किकवी, कापूरहोळच्या पट्ट्यात घरचा कर्ता माणूस गेला, की दिवसकार्य उरकून एफआयआरची प्रत, शवविच्छेदन अहवाल, गाडीच्या विम्याचा तपशील आणि वारसाचे कागद गोळा करायचे असतात. तोवर सहा महिने कुठे उरतात?

खोट्या दाव्यांची भीती दाखवणाऱ्यांनी एवढेच सांगावे, की पाचव्या महिन्यात केलेला खोटा दावा खरा होतो का? लबाडी पकडायची ती पंचनामा, गाडीचा नंबर आणि साक्षी तपासून. 1988 च्या मूळ कायद्यातही सहा महिन्यांची अट होती, पण सबळ कारण असल्यास बारा महिन्यांपर्यंत अर्ज घेता येई. 1994 मध्ये संसदेने ती अटही रद्द केली आणि पुढे 27 वर्षे मुदतीशिवाय दावे चालले. आता अट परत आणताना उशीर माफ करण्याची सोय मात्र आणली नाही. उलट, कलम 173 खालील अपिलाला 90 दिवसांची मुदत असूनही उच्च न्यायालय सबळ कारणासाठी उशीर माफ करू शकते. अपिलाला जी सवलत, ती मूळ दाव्याला का नाही?

या अटीला दिलेले आव्हान प्रलंबित असेपर्यंत केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये अंतरिम आदेशात बजावले. मात्र त्याआधी ज्यांचे दावे फेटाळले गेले, ती कुटुंबे नशिबाला दोष देत घरी बसली असतील. त्यांनी अपील करावे. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे त्यांना गावात येऊन सांगणे विधी सेवा समितीचे काम आहे. पोलिसांनीही प्रत्येक प्राणघातक अपघाताचा अहवाल कोणत्या तारखेला न्यायाधिकरणाकडे गेला, ते वारसांना लेखी कळवावे. आणि संसदेने ही अट कायमची रद्द करावी.

– एक वाचक, किकवी (ता. भोर, जि. पुणे)